कॉटखालची बाटली

“खोका,” डॉक्टर टिपणीस म्हणाले.

रंगनाथनं उशीला टेकून घसा खाकरल्यासारखं केलं.

“असं नाही. पोटातून खोका.”

तो खोकला. डॉक्टर, आवळे सिस्टर आणि मी, तिघंही एकदम कॉटखाली वाकलो. खाली काचेची मोठी बाटली होती. रंगनाथच्या उजव्या बरगड्यांमधून निघालेली रबरी नळी त्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलेली होती. नळीच्या टोकातून भसाभस बुडबुडे वर आले, डाळीला उकळी फुटावी तसे.

“आज नववा दिवस,” डॉक्टर सिस्टरांना म्हणाले. “हवा अजून गळतेच आहे. एवढ्यात थांबायला हवी होती.” मग ते माझ्याकडे वळले. “बाई, सोमवारपर्यंत वाट बघू. नाही थांबली तर छाती पुन्हा उघडावी लागेल. या वेळी धोका पहिल्यापेक्षा जास्त, तेवढं समजून सही करायची. आज शुक्रवार आहे. विचार करून ठेवा.”

मी मान हलवली. विचार करण्यासारखं माझ्याकडं एकच होतं, आणि ते मी गेले सहा दिवस दुसरं काही न करता करतच होते. हे भोक माझ्यामुळं पडलं होतं.

नवऱ्याला नावानं बोलते, अरेतुरे करते, म्हणून कुणी नाक मुरडू नये. आमच्यात ही पद्धत नाही हे मलाही ठाऊक आहे. सतरा वर्षं मी त्याला ‘अहो’ म्हटलं, लोकांत ‘कुंदाचे वडील’ म्हटलं. हॉस्पिटलचे ते दिवस संपल्यावर मनातल्या मनात नाव घ्यायला लागले, आणि आता तो नाही तर उघड घेते.

आम्ही सिन्नरचे. मी घरी विड्या वळायची आणि रंगनाथ विडी कारखान्यात चेकर होता. म्हणजे बायकांनी वळून आणलेल्या विड्या बघायच्या, तोंड नीट मिटलेलं नसेल, पान फाटलेलं असेल, तर बाजूला फेकायच्या. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातली खोट काढायची आणि बाजूला फेकलेलं स्वतः ओढायचं, असा त्याचा जन्म गेला. बेचाळिसाव्या वर्षी जिना चढताना धाप लागायला लागली. नाशिकला फोटो काढला तर उजव्या फुप्फुसावर मोठाले फोड, हवेनं भरलेले, फुग्यांसारखे. एक फुटलासुद्धा होता. ऑपरेशन करून फोड कापले, टाके घातले आणि ही नळी बसवली.

नळीचं गणित आवळे सिस्टरांनी मला पहिल्याच दिवशी समजावून दिलं होतं. टाक्यांच्या कडेनं थोडी हवा निसटतेच. ती छातीत साठली तर फुप्फुस दबतं, म्हणून तिला नळीवाटे बाहेर काढायचं. नळीचं टोक पाण्यात, म्हणजे हवा बाहेर जाते पण परत आत येत नाही. बुडबुडे थांबले की समजायचं, भोक बुजलं. “बाटली मात्र कायम छातीच्या खाली,” त्यांनी बजावलं होतं. “कधीच वर घ्यायची नाही.”

आणि तिसऱ्या दिवशी मी ती वर घेतली.

झालं असं. सकाळी मावशी फरशी पुसायला आल्या. बादलीभर पाणी ओतलं आणि ते कॉटखाली वाहत आलं. आता, ओल्या जमिनीवर काही राहू द्यायचं नाही ही विडीवालीची हाडात मुरलेली सवय. पान भिजलं, तंबाखूला ओल लागली, की आठवडाभराची मेहनत मातीत. घरात कुणी तांब्या लवंडला तरी मी आधी मांडीवरचं पान-तंबाखूचं सूप उचलते, मग तांब्या. पाणी येताना दिसलं आणि माझ्या हातांनी डोक्याला न विचारता बाटली उचलून रंगनाथच्या उशाशी, कॉटवर ठेवली. वर पदरानं बूडसुद्धा पुसलं!

नळीतून लालसर पाणी मागं सरकताना मला दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. आवळे सिस्टर पलीकडच्या कॉटवरून किंचाळत आल्या. त्यांनी नळी चिमट्यानं दाबली, बाटली खाली ठेवली आणि मला सगळ्या वॉर्डासमोर असं झापलं की माझी मान वर होईना. लगेच एक्स-रे काढायला नेलं. मी दाराशी उभी राहून रडत होते.

दुपारी डॉक्टर येऊन गेले तेव्हा मी औषध आणायला गेले होते. परत आले तर रंगनाथ एकदम शांत होता.

“काय म्हणाले डॉक्टर?” मी विचारलं.

“जाऊ दे.”

“सांगा ना.”

“त्या पान्यानं आतमधी टाका उसवला म्हनं. भोक मोठं झालं.” मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, “तू नको जिवाला लावून घेऊ. मी डाक्टरला सांगितलं, माझ्या बायकोला येक शब्द बोलू नका, ती भोळी हाये. तूबी त्यान्ला काय इचारायला जाऊ नको. उगी लाज जायची.”

सतरा वर्षांत त्यानं माझा हात असा कधी धरला नव्हता. मला अगदी भरून आलं. एवढं माझ्या हातून झालं, आणि हा माणूस मलाच समजावतोय. त्याचे उपकार कसे फेडू असं मला झालं होतं. मी शनिवारचा उपास धरला, मग सोमवारचा धरला, मग रोज एकच वेळ जेवायला लागले. दिवसभर कॉटपाशी खाली बसून त्या बाटलीकडं बघत राहायची. बुडबुडा आला नाही की शंभरपर्यंत मोजायची, आणि नव्वदाच्या आसपास तो हमखास खोकायचा.

“तू तिकडं बघू नको,” तो म्हणायचा. “तुझी नजर लागती बाटलीला. बाहेर जा, चहा पी, चार बायकांत बस. कुंदा हाये ना माझ्यापाशी.”

कुंदा आमची एकुलती एक. तेव्हा नववीत होती, उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. सिन्नरला शेजारच्या गिरजाकाकू भाकरी-भाजी करून द्यायच्या आणि ती डबा घेऊन दुपारच्या गाडीनं नाशिकला यायची. सहाच्या गाडीनं परत. वडिलांची लाडकी. ती जन्मली तेव्हा आम्हा नवराबायकोचं एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, पोरीच्या मांडीवर सूप येऊ द्यायचं नाही. माझ्या आईनं वळल्या, मी वळल्या, आता पुरे. घरात मी तिला पानाला हात लावू देत नव्हते. कात्री उचलली तरी तिच्या हातावर चापटी बसायची.

तर दुपारी तीनच्या सुमाराला तो मला बाहेर काढायचा आणि मी जायची. नजर लागते म्हणाला म्हणून जायची, एवढी मी शहाणी!

सोमवारचं कळल्यावर त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, जेवण झाल्यावर त्यानं नेहमीसारखं मला पिटाळलं. मी फाटकाबाहेरच्या टपरीपर्यंत गेले खरी, पण चहा घशाखाली उतरेना. सही करायची म्हणजे आपण पाडलेल्या भोकासाठी आपणच त्याची छाती पुन्हा फाडायला सांगायची. आणि तो टेबलावरच गेला तर? कुंदाला काय सांगायचं? मी कप तसाच ठेवला आणि परत फिरले.

वॉर्डात कॉट रिकामी होती. बाटलीही नव्हती. कुंदा स्टुलावर बसून डबा आवरत होती. मला बघून तिचा चेहरा पडला.

“बाबा कुठं गेले?”

“फिरायला. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना.”

“एकटे? बाटली घेऊन? तू का नाही गेलीस बरोबर?”

“नको म्हणाले. आई, तू बस ना. येतील आत्ता. तुला पाणी देऊ?”

चालायला सांगितलं होतं हे खरं. पण नेहमी मीच बाटली धरायची, गुडघ्याच्या खाली, त्याच्या पावलाला पाऊल लावून. चक्कर येऊन पडला, बाटली फुटली तर हवा सरळ आत जाणार, हेही सिस्टरांनी सांगितलं होतं. मी पळतच निघाले. कुंदा मागून “आई, आई” करत राहिली.

व्हरांड्यात नव्हता. संडासाकडं नव्हता. शेवटी चादरी ठेवायच्या खोलीच्या मागं वापरात नसलेला एक जिना होता, तिथं ओळखीचा खोकला ऐकू आला. मी कठड्यावरून खाली पाहिलं.

रंगनाथ चौथ्या पायरीवर बसला होता, माझ्याकडं पाठ करून. बाटली त्याच्या पायाशी, खालच्या पायरीवर व्यवस्थित ठेवलेली. त्यानं तोंडाशी हात नेला, छाती भरून ओढलं आणि खोकला आला. बाटलीत बुडबुडे उठले. आणि पाण्यावर आल्यावर ते फुटले, तर त्यांतून धूर निघाला.

मी डोळे चोळले. पुन्हा खोकला, पुन्हा बुडबुडे, पुन्हा धूर. पाण्याच्या वरची बाटली पांढरट होत गेली. तोंडानं ओढलेला धूर फुप्फुसाच्या भोकातून, नळीतून, पाण्यातून बाहेर येत होता. नऊ-दहा दिवस त्या बाटलीवर मी डोळ्यांत तेल घालून पहारा केला होता, आणि तिच्यातून काय येत होतं ते मला आज दिसलं.

मी खाली उतरले आणि काही न बोलता त्याच्या बोटांतली विडी काढून घेतली.

तो दचकला. मग मीच आहे बघून सुस्कारा टाकला. म्हणजे सिस्टर नाही याचा त्याला आनंद झाला.

“येकच,” तो म्हणाला. “कफ सुटत नाय विडीबिगर. पोटबी साफ होत नाय. तुला नाय कळायचं.”

“किती दिवस?”

“आजच, कुंदाची शप्पथ.”

मी विडी विझवायला पायरीवर टेकवली आणि तशीच थांबले. पंचवीस वर्षं मी हेच केलं होतं, विडी हातात आली की बोटं आपोआप बघतात. पान ढिलं होतं, तोंड मिटताना चुरगाळलेलं होतं. नवख्या हाताची विडी. असल्या विड्या तो कारखान्यात ढिगानं फेकायचा. पण त्याहून वेगळं म्हणजे पान उलट्या बाजूनं गुंडाळलेलं होतं. आम्ही सगळ्या बायका ज्या बाजूनं वळतो त्याच्या बरोबर उलट. असं वळायचं तर माणूस डावखुरा पाहिजे. आमच्या ओळखीत डावखुरं एकच होतं. शाळेत त्याच हातानं लिहून तिनं अक्षराचं बक्षीस मिळवलं होतं.

मी तिथंच पायरीवर बसले.

“पोरीकडून वळून घेतल्या?”

तो बाटलीकडं बघत राहिला.

“अहो, मी काय विचारते?”

“मग काय करनार? दारावर समद्यांची झडती घेत्यात. पोरीच्या डब्यात कोन बघतंय? दुकानातून आनल्या असत्या तर गावभर झालं असतं. घरात पान व्हतं, तंबाखू व्हती. दोन-चार वळल्या तर काय हात झडले तिचे?”

वर पायऱ्यांच्या तोंडाशी कुंदा उभी होती. ती कधी आली मला कळलं नाही. मी तिच्याकडं पाहिलं आणि ती रडायला लागली.

“बाबा म्हणाले, डॉक्टरांनीच सांगितलंय. कफ पातळ व्हायला. पण आईला सांगू नको म्हणाले, ती कटकट करेल.”

“कधीपासून?”

“पाचव्या दिवसापासून. रोज दोन.”

“आणि तुला खरं वाटलं?”

ती गप्प राहिली. ते गप्प राहणं मी ओळखलं. पहिल्या दिवशी वाटलं असेल, दुसऱ्या दिवशीही वाटलं असेल. पण चौदा वर्षांची पोर काही दुधखुळी नसते. आई खाली फरशीवर उपाशी बसून बुडबुडे मोजतेय, हे ती रोज बघत होती. आणि तिच्या अंगाला तंबाखूचा वास आला असेल तरी मला कुठून कळणार? त्या वासात माझं सगळं आयुष्य गेलं, माझं नाक कधीच मेलं होतं.

“मी डॉक्टरांना सांगते,” मी उठले.

“सांग,” रंगनाथ म्हणाला. त्याचा आवाज एकदम थंड झाला. “डाक्टर इचारन विडी कुठून आली. मग पोरीचं नाव घे. मागल्या आठवड्यात आपल्या वार्डातल्या त्या ट्रकवाल्याच्या भावाला विडी देताना धरला, तर त्याला हाताला धरून फाटकाबाहेर काढला, नाव लिहून फळ्यावर लावलं. तसं तुझ्या पोरीचं नाव लागू दे. शाळेत कळू दे. तुला बरं वाटन.”

“आणि नाही सांगितलं तर सोमवारी तुमची छाती फाडतील!”

“कशाला फाडत्यात? मी उद्यापासून सोडतो.”

हाच माणूस आठवड्यापूर्वी माझा हात धरून बसला होता. मला अशी चीड आली की त्या क्षणी बाटली उचलून भिंतीवर मारावी असं वाटलं. मारली नाही. एका हातात बाटली, गुडघ्याच्या खाली, दुसरा हात त्याच्या दंडाला, असं त्याला वर नेलं आणि कॉटवर निजवलं. सवय म्हणतात ती अशी. मग मी डॉक्टरांच्या खोलीकडं गेले.

वाटेत काय बोलायचं ते ठरवायला चाळीस पावलं होती. तेवढी मला पुरली.

“साहेब,” मी दारातूनच म्हणाले, “ते विडी ओढतात. रोज दोन. पाचव्या दिवसापासून.”

डॉक्टर टिपणिसांनी हातातला पेन खाली ठेवला. “कोण देतं?”

“मी.”

“तुम्ही?”

“मी विड्या वळते, साहेब. मीच आणून दिल्या.”

ते उठून उभे राहिले. भले माणूस होते, आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, पण त्या दिवशी चढला. “अहो, काय बाई आहात तुम्ही! त्या जखमेला भरून यायला वेळ मिळायला हवा. धुरानं ती भरत नाही, आणि प्रत्येक ठसक्याला ताजे टाके ताणले जातात. नऊ दिवस मी डोकं फोडतोय की हवा थांबत का नाही. आणि तुम्ही?” ते टेबलाच्या पुढं आले. “मला तर तुमची कीव येत होती. बाटली उचलली म्हणून दारात उभ्या राहून रडत होतात. त्याच दुपारी मी रंगनाथला मुद्दाम सांगितलं, तुमच्या बायकोला सांगा, एक्स-रे चांगला आहे, पाणी आत गेलेलं नाही, टाके शाबूत आहेत, बाटलीनं काहीच बिघडलेलं नाही. म्हटलं बाई घाबरलीय, तिला आधी सांगा. त्या चांगुलपणाचा हा उपयोग केलात?”

“काय सांगितलं होतं?” मी विचारलं.

“की तुमची काही चूक नाही. का, त्यांनी सांगितलं नाही?”

मी दाराची चौकट धरली. एवढे दिवस हे वाक्य ऐकायला मी तळमळत होते, आणि ते आलं ते असं, शिव्या खाताना. रंगनाथला त्याच दुपारी ठाऊक होतं. ठाऊक असून त्यानं माझा हात हातात घेतला होता. मी लाजेनं डॉक्टरांसमोर तोंड उघडू नये, तो म्हणेल तेव्हा मुकाट बाहेर जावं, एवढ्यासाठी त्यानं ते माझ्या गळ्यात बांधलं होतं.

“सांगितलं,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

डॉक्टर तडक वॉर्डात आले. मागून आवळे सिस्टर, त्यांच्या मागून मी. भेटीची वेळ होती. दहाच्या दहा कॉटवर माणसं आणि प्रत्येक कॉटपाशी दोन-दोन नातेवाईक. सगळ्यांचे आवाज बंद झाले. कुंदा वडिलांच्या उशाशी भिंतीला चिकटून उभी होती.

“रंगनाथ,” डॉक्टर म्हणाले, “तुमच्या बायकोनं कबूल केलंय. रोज विड्या आणून देत होती. खरं?”

कुंदानं झटकन माझ्याकडं पाहिलं. रंगनाथनंही पाहिलं. मी काय केलं ते दोघांनाही त्या एका क्षणात कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी दोघांकडं बघत उभी राहिले. पोरीचं नाव मी येऊ दिलं नव्हतं. आता त्यानं फक्त एवढंच म्हणायचं होतं, तिची चूक नाही, मीच मागितल्या. नवऱ्यानं हट्ट केला, बायकोनं दिल्या. निम्मी लाज त्यानं उचलली असती तरी मी सगळं गिळलं असतं. खोटं सांगत नाही, त्या क्षणी मी त्याला मनानं माफसुद्धा करून टाकलं होतं, फक्त त्यानं तोंड उघडावं म्हणून.

त्यानं तोंड उघडलं.

“मी नको म्हनत व्हतो, साहेब,” रंगनाथ म्हणाला. “पन हिचा जीव ऱ्हाईना. अडानी बाई हाये.”

पलीकडच्या कॉटपाशी बसलेल्या म्हातारीनं तोंडाला पदर लावला. कुणीतरी “काय कलियुग आलंय” असं म्हणालं. मी कुंदाकडं पाहिलं. तिचे ओठ हलले. मी वाट बघितली. मग तिनं मान खाली घातली आणि डब्याचं झाकण लावायला लागली. ते झाकण आधीच लावलेलं होतं.

मला वॉर्डात यायची बंदी झाली. माझं नाव फळ्यावर लागलं. रंगनाथची बहीण येऊन त्याच्याजवळ राहिली, आणि मी फाटकाबाहेरच्या झाडाखाली बसून राहायची. सोमवारचं ऑपरेशन मात्र डॉक्टरांनी पुढं ढकललं. आठ दिवस विडीशिवाय काढून बघू म्हणाले. पाचव्या दिवशी सकाळी आवळे सिस्टर ड्यूटी संपवून बाहेर आल्या, माझ्यापाशी थांबल्या आणि नाइलाजानं म्हणाल्या, “तीनदा खोकायला लावलं. एकही बुडबुडा नाही. उद्या नळी काढतील.”

आदल्या आठवड्यात हे ऐकलं असतं तर मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं. मी “बरं” म्हणाले.

घरी आल्यावर तो वर्षभर विडीला शिवला नाही, मग पुन्हा सुरू केली. एकोणीस वर्षं जगला. मी त्याला वेळेवर जेवायला घातलं, औषधं दिली, शेवटी शेवटी अंगही पुसलं. भांडण एकदाही केलं नाही. माणसं म्हणायची, मथुराबाईंनी नवऱ्याची सेवा केली, पण त्याला कारण आहे, तरुणपणी हिनंच त्याच्यावर मरायची वेळ आणली होती. तो पाहुण्यारावळ्यांत हसत हसत सांगायचा तो किस्सा. आधी मी बाटली उचलली, मग विड्या दिल्या. सांगून सांगून त्याला ते खरं वाटायला लागलं असावं.

कुंदा शिकली, शिक्षिका झाली, ओझरला दिली. तिनं पुन्हा कधी सुपाला हात लावला नाही.

त्याच्या दहाव्याला सगळे नातेवाईक जमले होते. घाटावरून घरी आल्यावर बाहेर ओट्यावर माणसं बसली आणि नणंदेनं सगळ्यांच्या देखत पुन्हा तो विषय काढला. “वहिनीनं हॉस्पिटलात विड्या दिल्या, तरी वाचला व्हता माझा भाऊ. लई चिवट व्हता.” सगळे हसले. मी आत स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होते, मला सगळं ऐकू येत होतं. कुंदा माझ्या शेजारी कप पुसत होती. तिचा हात थांबला.

“आई,” ती हळूच म्हणाली, “तू त्या दिवशी खरं का नाही सांगितलंस?”

एकोणीस वर्षांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं.

“मी वाट बघत होते,” मी म्हणाले.

“कशाची?”

“तुम्हा दोघांतलं कुणीतरी बोलेल याची.”

तिचे डोळे भरून आले. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ हुंदके देत राहिली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. चहा उतू जायला आला तेव्हा मीच गॅस बंद केला.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं, कप भरले, ट्रे उचलला आणि बाहेर गेली. ओट्यावर आत्या बसली होती, काका बसले होते, सगळे होते. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. ती प्रत्येकाला विचारत होती, साखर चालेल ना.